चेहरा निवळेपर्यंत

९ ऑगस्ट

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज लिहून ठेवा. काय खाल्लं, उन्हात किती होतात, गरम काय प्यायलात, चेहरा कसा होता. मी म्हटलं, बाई, मी शाळेची बस चालवतो, लिहिणं हे काही माझं काम नाही. त्या म्हणाल्या, गाडीचं लॉगबुक भरता ना? मग चेहऱ्याचंही भरा. लेकीनं तिची अर्धी कोरी राहिलेली वही दिली. पुढच्या पानांवर तिचे हिशेबशास्त्राचे धडे आहेत, मागून माझा चेहरा.

तर आजची नोंद. नाक लाल. दोन्ही गाल लाल, खिडकीकडचा जास्त. हनुवटीवर बारीक पुटकुळ्या. चहा तीन वेळा, गरम. चहा कोमट प्या म्हणाल्यात, त्यापेक्षा न प्यायलेला बरा.

रोगाचं नाव रोझेशिया. हा कुणाचा कुणाला लागत नाही, अस्वच्छतेनं होत नाही. दारूनं होतो असं लोक समजतात, तेही खरं नाही, पिणाऱ्याचा वाढतो एवढंच. 'तुम्ही घेता?' असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हणालो. त्यांनी कागदावर 'नाही' लिहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला. इतक्या सरळपणे माझं म्हणणं कुणी मान्य केल्याला महिना उलटला असेल. मला त्या खुर्चीतून उठवेना.

१० ऑगस्ट

डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं नाही. इथे लिहितो, म्हणजे डोक्यात फिरायचं थांबेल.

एका थांब्यावरच्या कुणा पालकानं मी स्टिअरिंगवर बसलेलो असताना माझा फोटो काढला. नाक टोमॅटोसारखं आणि डोळे चुरचुरत होते म्हणून तेही लाल. तो फोटो पालकांच्या ग्रुपवर गेला आणि खाली एकच प्रश्न, 'आपली मुलं कुणाच्या हाती देतोय आपण?' मी आयुष्यात दारूला शिवलेलो नाही. हे सांगताना आता मलाच ते खोटं वाटायला लागलंय, इतक्यांदा सांगून झालंय.

शाळेच्या गाड्या ज्यांच्या ताब्यात आहेत त्या साहेबांकडे मी स्वतः गेलो आणि फुंकायचं मशीन मागितलं. फुंकलो. शून्य. साहेब भले गृहस्थ आहेत. म्हणाले, 'मला माहीत आहे हो. पण मशीन मी बघतो. पालक तुमचं तोंड बघतात.' सहामाही परीक्षा संपून शाळा पुन्हा उघडेल, तोवर चेहरा निवळला तर बस परत. नाहीतर कायमचं यार्डात.

यार्डात म्हणजे गाड्या धुवायच्या, चाकांत हवा भरायची, गाड्या पुढेमागे घ्यायच्या. पगार तोच आहे, पण माझी बस बाहेर जाताना मी फाटक उघडायचं.

१३ ऑगस्ट

जेल आणलं. ॲझेलेइक ॲसिड. नाव ऐकूनच हिनं कपाळाला हात लावला. 'अहो, ॲसिड तोंडाला? संडास घासायचं?' लेक म्हणाली, 'आई, हे गव्हातसुद्धा असतं.' ही म्हणाली, 'मग पोळी थापा तोंडावर.' बऱ्याच दिवसांनी घरात कुणीतरी हसलं.

रीत अशी. तोंड गार पाण्यानं धुवायचं, टिपायचं, घासायचं नाही. पूर्ण कोरडं होऊ द्यायचं. मग वाटाण्याएवढं जेल सगळ्या चेहऱ्याला, त्यावर मॉइश्चरायझर. आधी फक्त रात्री, सवय झाली की सकाळीही, आणि सकाळी वर सनस्क्रीन. या वयात मी आरशासमोर इतका वेळ उभा राहीन असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

लावलं. आधी काही नाही. मग मुंग्या धावाव्यात तसं चुणचुणलं आणि मग खाज. हात मागे बांधून खोलीत फेऱ्या मारल्या. ही दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, 'लाल नाकाला इतकं?' मी म्हटलं, 'नाकाला नाही, नोकरीला.'

१९ ऑगस्ट

चेहरा तसाच. उलट नाकाच्या बाजूची सालं निघतायत. डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलं, एक दिवस आड लावा, आणि घाई करू नका, फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात. मी मनात सहामाहीची सुट्टी संपेपर्यंतचे दिवस मोजले.

एक गोष्ट लिहायला जरा अवघडल्यासारखं होतंय, पण वही माझीच आहे. हल्ली मी घरी आलो की ही दारात येते. लग्नाला सव्वीस वर्षं झाली. हात ओट्याशी आणि आवाज दाराशी, असंच तिचं स्वागत असायचं. आता मी जोडे काढेपर्यंत ती अगदी जवळ येऊन उभी असते. 'दमलात?' म्हणते. 'बोला ना काहीतरी.' मी बोलतो आणि ती हनुवटी वर करून माझ्या तोंडापाशी ऐकत राहते. पाण्याची बाटलीही हातातून घेते, झाकण काढून आत बघते. पाणी सगळं प्यालो की नाही, हे बघत असणार. माणसाचे दिवस फिरले की घरचं माणूस असं जवळ येतं. मला भरून आलं होतं, पण तसं दाखवलं नाही.

२४ ऑगस्ट

यार्डात गाडी लावून झाली की मी उठून मागच्या शेवटच्या सीटपर्यंत जाऊन येतो. प्रत्येक फेरीनंतर तसं करायचंच असतं, एखादं पोर झोपून राहिलं असेल तर दिसावं म्हणून. आता गाडी धुवायला आलेली असते, रिकामी. तिच्यात पोर कुठून येणार? पण पाय जातातच. आज सीटखाली एक लहान मोजा सापडला.

मुलांना चढवायला-उतरवायला बसमध्ये मावशी असतात. त्या दुपारी भेटल्या. म्हणाल्या, 'नवीन ड्रायव्हर ब्रेक असा दाबतो की पोरांचे डबे पुढे येतात. पोरं विचारतात, आमचे काका कुठे गेले.' मी विचारलं, 'मग तुम्ही काय सांगता?' 'आजारी आहेत म्हणते.' मी म्हटलं, खरंच आहे. मावशी म्हणाल्या, 'मी सांगितलं हो साहेबांना, मी सहा वर्षं यांच्या पाठीमागे बसते, मला कळलं नसतं का?' मग एकदम जायला निघाल्या. त्यांचं कुणी ऐकलं नाही, हे त्यांना मला सांगायचं नव्हतं.

२९ ऑगस्ट

दाढ दुखत होती म्हणून घरी येताना लवंग चघळत आलो. दारात हिनं लगेच विचारलं, 'लवंग कशाला?' म्हटलं, दाढ. तिनं बॅटरी आणली, मला उजेडाकडे तोंड करून बसवलं आणि दाढ बघितली. 'हो, कीड दिसतेय,' म्हणाली आणि एवढी खूश झाली की विचारू नका. माझ्या दाढेला कीड लागल्याचा आनंद आजवर कुणाला झाला नव्हता. दाताच्या डॉक्टरकडे जायला लागणार, आता तेवढंच राहिलं होतं.

चेहरा: लाल. जेल जास्त लावलं तर लवकर गुण येईल असं वाटून आज जाड थर दिला. खोडरबरानं खोडल्यावर पडतात तशा सुरळ्या पडल्या आणि उशीभर झाल्या.

५ सप्टेंबर

न्हाव्याकडे गेलो होतो. त्यानं माझा चेहरा बघून चक् चक् केलं आणि एक निळी बाटली काढली. 'काका, जेलबिल ठेवा घरी. हे थापा. तोंड थंडगार पडतं, छिद्रं आवळतात.' खरंच थंड वाटलं, भगभग एकदम थांबली. मी अख्खी बाटलीच विकत घेतली. यार्डातून निघताना पुन्हा दोनदा थापलं, म्हटलं आज जरा उजळ तोंडानं घरी जाऊ.

ही नेहमीसारखी दारात आली, जवळ आली आणि थांबली. 'बोला ना' म्हणाली नाही. माझ्याकडे बघितलं आणि आत गेली. जेवण झाकून ठेवलेलं होतं. ती लेकीच्या खोलीत जाऊन झोपली.

काल मी भाजी पुचाट झाली म्हणालो होतो, त्याचा राग असणार. डॉक्टरीणबाईंनी तिखट बंद केलंय म्हणून बिचारी बिनमिरचीचं करते आणि मी नावं ठेवतो. माझंच चुकलं.

६ सप्टेंबर

हिचे डोळे सुजलेले. चहा कोमट करून समोर ठेवला आणि गेली. मी म्हटलं, भाजीचं मनावर घेऊ नकोस. तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी दुसऱ्याच कुणाच्या घरात बोलतोय.

एकदाच बोलली. 'आईनं असेच दिवस काढले.' तिचे वडील प्यायचे. तो विषय ती कधी काढत नाही, लग्नानंतर दोनदा काढला असेल. आज का काढला कुणास ठाऊक. बहुतेक सासूबाईंचा आजाराचा फोन आला असेल.

चेहरा नुसता पेटलाय. बाटली दिवसातून चार वेळा लावूनही.

८ सप्टेंबर

आज यार्डातून आलो तर ती निळी बाटली हिच्या हातात. सकाळी माझ्या पिशवीतून पडली म्हणे. 'हे काय?' म्हणाली. 'न्हाव्यानं दिलं, तोंडाला लावायचं.' तिनं झाकण उघडलं आणि वास घेतला. तळहातावर थेंब घेऊन पुन्हा वास घेतला. मग माझा गाल हुंगला, सरळ, लेकीसमोर. आणि जमिनीवर बसून हसायलाच लागली. हसता हसता रडायला लागली. लेकीनं बाटली वाचली आणि कपाळावर हात मारून घेतला. 'बाबा, यात सगळं स्पिरिट आहे. तुझ्या चेहऱ्याला याच्याइतकं वाईट दुसरं काही नाही!' हिनं बाटली मोरीत ओतली, वर दोन बादल्या पाणी.

संध्याकाळी फोनवर डॉक्टरीणबाईही ओरडल्या. चेहरा शांत होईस्तोवर जेलही बंद, नुसतं मॉइश्चरायझर. एक लोशन काय लावलं, घरातल्या दोघी आणि दवाखान्यातली तिसरी, तिघींनी मिळून धुतलं मला. पण ही आपल्या खोलीत परत आली. भाजीचा राग गेला असावा.

१७ सप्टेंबर

जेल पुन्हा सुरू. आता चुणचुणतं, पण थोडा वेळच.

२ ऑक्टोबर

पुटकुळ्या कमी आहेत. लेकीनं खिडकीत उभं करून फोटो काढला आणि मागच्या फोटोशेजारी धरला. मला काही फरक दिसेना. ती म्हणाली, नाक बघ. मी म्हटलं, नाक तेच आहे. तेव्हा म्हणाली, 'बाबा, तू आता स्वतःलाच पालकांसारखा बघायला लागलायस.' हे ऐकून मी आत जाऊन पडलो. खरं बोलतात पोरं, पण वेळ बघत नाहीत.

थकवा कशाचा ते कळत नाही. यार्डात काम कमी आहे. पण दिवसभर कुणी समोर आलं की मी आधी तोंड बाजूला वळवतो, खिडकीकडचा गाल दिसू नये म्हणून. मान दुखते.

११ ऑक्टोबर

ही अजूनही दारात येते. आता बोला-बिला म्हणत नाही, हनुवटीही वर करत नाही. पिशवी घेते आणि खांद्याला खांदा लागेल अशी नुसती उभी राहते. कधी कधी आम्ही दोघंही उगाच तिथे थोडा वेळ थांबतो. शेजारच्या जिन्यात पोरं चेंडू टाकतात तेवढा आवाज. पूर्वीचं जास्त आवडायचं की हे, ते मला सांगता येत नाही.

२८ ऑक्टोबर

डॉक्टरीणबाईंकडे गेलो. वहीतली पानं त्यांनी चाळली आणि मध्येच हसल्या. मला वाटलं, त्या दाढेच्या पानावर. वही मिटताना म्हणाल्या, 'घरी तुमच्याकडे फार लक्ष आहे.' मी म्हटलं, हो, नशीब. त्या चष्मा पुसत राहिल्या.

चेहरा पुष्कळ बरा आहे म्हणाल्या. जेल चालूच ठेवायचं, हा दुखणं ताब्यात ठेवायचा मामला आहे, संपवायचा नव्हे. म्हणजे जन्मभर वाटाण्याएवढं. हे दारूचं नाही, रोगाचं आहे असा दाखला मागितला, तो त्यांनी लगेच दिला. तो खिशात घालताना वाटलं, हा वाचणार कोण?

१० नोव्हेंबर

साहेबांनी बोलावलं. मला घेऊन बाहेर पटांगणात गेले आणि उन्हाकडे तोंड करायला सांगितलं. दाखला खिशातच राहिला. त्यांनी आधी डावीकडून बघितलं, मग उजवीकडून. गाडी डेंटिंगला दिल्यावर आपण रंगाचा ठिपका शोधतो ना, तसं. मी हलत नव्हतो. माझं वय त्रेपन्न आहे.

'छान आहे,' म्हणाले. 'सोमवारपासून घ्या बस.' आणि मग, नजर जमिनीकडे लावून, 'मला हे असं करायचं नव्हतं हो.' मी म्हटलं, माहीत आहे. त्यांचं वाईट वाटलं. माझं वाईट वाटायला वेळच मिळाला नाही, फाटकाशी उभ्या मावशी तोवर रडायला लागल्या होत्या.

१३ नोव्हेंबर

बस मिळाली.

सकाळी लवकर उठून जेल, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, सगळं नीट सुकू दिलं. खिडकीला लेकीनं शिवलेला काळा पडदा लावला. पोरं चढली. एकानं विचारलं, 'काका, तुमचा आजार गेला?' म्हटलं, गेला. 'कुठे?' म्हणाला. मी गाडी गिअरमध्ये टाकली.

चौथ्या थांब्यावर एक वडील आपल्या मुलीला सोडायला आले. तेच, ज्यांनी फोटो काढला होता, मावशींनी नंतर खूण केली. मुलगी चढली तरी ते पायरीवर एक पाय ठेवून आत वाकले. अगदी जवळ आले, चांगलं हसले आणि म्हणाले, 'काय काका, बरे आहात ना? काहीतरी बोला की.' मी म्हटलं, बरा आहे. त्यांनी हनुवटी थोडी वर केली आणि नाकानं हळूच श्वास आत घेतला. मग समाधानानं मान हलवली आणि उतरले.

हे मी ओळखतो, असं माझ्या मनात आलं. हे झुकणं, ही हनुवटी, हे 'बोला की'. ऑगस्टमध्ये रोज, आमच्या दारात.

पुढचे थांबे मी कसे घेतले ते सांगता येत नाही. ब्रेक मात्र कुठेच जोरात लागला नाही. शाळेत मुलं उतरवली आणि शेवटच्या सीटपर्यंत गेलो आणि तिथेच बसून राहिलो. मावशी खालून हाका मारत होत्या.

घरी आलो तेव्हा ही दारात होती, साडी बदललेली, हसत. पहिला दिवस म्हणून. मी पिशवी दिली नाही.

'तू माझा वास घ्यायचीस?'

ती खोटं बोलली असती तर मला चाललं असतं, किंबहुना बोल, असंच मला वाटत होतं. पण ती म्हणाली, 'हो.'

'मशीननं शून्य दाखवलं होतं. तुला त्याच दिवशी सांगितलं होतं मी.'

'माझे वडीलही सांगायचे. दर वेळी शपथेवर. आईला दर वेळी खरं वाटायचं.' तिचा आवाज अगदी लहान मुलीसारखा झाला होता. 'तो फोटो माझ्या बहिणीनं मला पाठवला. चेहरा अगदी त्यांच्यासारखा दिसत होता हो. मी काय करू?'

'सव्वीस वर्षं,' मी म्हणालो.

'ती बाटली सापडली तेव्हाच संपलं ते. त्या दिवसानंतर एकदाही घेतला नाही वास.'

'मग नंतर दारात का यायचीस?'

'आधी लाज वाटून. तुमच्यावर संशय घेतला त्याची भरपाई म्हणून. मग... तुम्ही येताना जिन्यात पावलं वाजली की बरं वाटायला लागलं. इतकी वर्षं मी आत असायचे, मला ती कधी ऐकूच आली नव्हती.'

मला खूप रागवायचं होतं. पण राग यायलाही अंगात जोर लागतो आणि माझा सगळा जोर या तीन महिन्यांत लोकांना तोंड दाखवण्यात गेलाय. सगळ्या जगानं संशय घेतला त्याचं इतकं लागलं नाही. मी त्याला प्रेम समजलो, याचं लागलं. आणि त्यातलं अर्धं खरंच प्रेम होतं म्हणते, त्याचंही लागलं. जेवलो नाही. जेल लावलं आणि भिंतीकडे तोंड करून पडलो.

१४ नोव्हेंबर

आज घरी आलो तर दारात कुणी नव्हतं.

ही ओट्याशी उभी होती, पाठ माझ्याकडे. हातात काहीच काम नव्हतं, ओटा स्वच्छ होता. पावलं ऐकूनही ती वळली नाही. येऊ का नको, हे तिला ठरवता येत नव्हतं, ते पाठीवरून दिसत होतं.

मी जोडे काढले. नेहमी तिथेच थांबतो. आज पिशवी हातात घेऊन स्वयंपाकघरात गेलो आणि तिच्या अगदी जवळ, खांद्याला खांदा लागेल असा जाऊन उभा राहिलो. तिनं श्वास रोखून धरला होता.

मग मीच बोलायला लागलो. म्हटलं, आज दुसऱ्या थांब्यावर एका पोरानं बसमध्ये उलटी केली आणि शेजारच्यानं त्याला स्वतःची टोपी धरायला दिली. म्हटलं, ते फोटोवाले वडील आजही आले होते, आज नुसता हात केला. म्हटलं, ब्रेक जरा कडक झालेत, उद्या दाखवायला हवेत. असंच काहीबाही, तिच्या तोंडासमोर तोंड नेऊन, मोठ्यानं. सांगण्यासारखं संपलं तरी बोलत राहिलो, ती श्वास घेईपर्यंत.